आमच्या घरातली पहिली सांडशी

परवा आईने घणसोलीच्या बाजारातून सांडशी आणली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली तिच्या, पण ही आमच्या घरातली पहिलीच. सांडशीवर कोण पोस्ट लिहितं म्हणून हसू नका, ऐका जरा...

आमच्याकडे सांडशीचं काम आबा करायचे. आबा म्हणजे माझे वडील, मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. कामावरून आले की उकळत्या चहाचं पातेलं नुसत्या हाताने उतरवायचे आणि आमच्याकडे बघून मिशीत हसायचे. मी आणि माझा भाऊ खाली फरशीवर बसून टाळ्या वाजवायचो.

काय दिवस होते... तळवलीतली एक खोली, आबांच्या शर्टाला कांद्याचा वास आणि चौघांत तीन कप. शाळेत मी ऐटीत सांगायचे, माझ्या वडिलांना भाजतच नाही.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी त्यांना खरंच भाजेनासं झालं, तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. एकदा त्यांच्या उजव्या तळहातावर फुटलेला फोड आईला दिसला, आबांना पत्ताच नव्हता. त्याच हातावर कोपराजवळ एक फिकट चट्टाही होता, पण तो उन्हाने आला असेल म्हणून आम्ही सोडून दिला होता.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आबांना डोळे मिटायला लावले आणि चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवलं. कुठे लागतंय, ते त्यांना दाखवता येईना. कुष्ठरोग आहे, त्या शांतपणे म्हणाल्या... आणि आबांनी हात पाठीमागे घेतला.

आबा पहिल्यापासून पातेलं नुसत्या हाताने उतरवतात, हे मी सांगितलं. तुम्हाला आधीपासूनच भाजायचं नाही का, असं बाईंनी त्यांना विचारलं.

"भाजायचं की मॅडम," आबा म्हणाले. "पोरं टाळ्या वाजवायची, म्हनून धरायचो."

मला मान वर करवेना.

बाईंनी मग आम्हाला नीट समजावलं. हे जंतू नसांत शिरून हळूहळू वाढतात आणि शरीराच्या पहारेकऱ्यांनाच गुंगी आणतात. ना ताप, ना ठणका... शरीर लढतच नाही, त्यामुळे माणूस वर्षानुवर्षं बेसावध राहतो. गोळ्यांनी आजार पूर्ण बरा होतो, गोळ्या सुरू झाल्या की घरच्यांनाही धोका राहत नाही. पण नसा किती सावरतील ते सांगता येत नाही, म्हणाल्या. आबांना एकच घोर, बोटं कामाची राहतील ना? पोतं उचलणाऱ्याला दुसरं काय असतं हो.

गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले आणि चट्टा एकदम लाल होऊन सुजला. कोपरापासून करंगळीपर्यंत असा ठणका, की आबा भिंतीला टेकून बसून राहिले. औषध बाधलं असं म्हणून मी शहाणीने गोळ्यांचं पाकीट कपाटात ठेवलं. मग मलाच राहवेना, दुपारी रिक्षा करून त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

गोळ्या थांबवायच्या नाहीत, बाईंनी मला दटावलं. गुंगीतलं शरीर आता जागं होऊन लढायला लागलंय, पण या मारामारीत नस चेंगरते, म्हणून सूज उतरवणारं औषध आजच्या आज हवं. आणखी काही दिवस घरी बसलो असतो तर बोटं वाकडी झाली असती.

गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला. करंगळी आणि शेजारचं बोट अजून बधिर आहे, पण मूठ वळते. आबा हलक्या कामावर जायला लागलेत.

परवा सकाळी चहा उकळला आणि आबांनी सवयीने पातेल्याला तोच उजवा हात घातला. झटकन मागे घेतला. हाताकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "भाजलं गं..."

आई डोळे पुसतच पिशवी घेऊन बाजारात निघाली. मी आबांचा हात नळाखाली धरला, मनातल्या मनात डॉक्टरबाईंना नमस्कार केला. आणि मग लहानपणी वाजवायचे तशा टाळ्या वाजवल्या... या वेळी त्यांना खरंच भाजलं म्हणून.