सोनेरी फांद्या आणि मुठीएवढा झुपका

मुलांनो, मागच्या उन्हाळ्यात मी तुम्हाला अंगणातल्या मोरपंखीच्या पिवळ्या फांद्यांचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘आजोबांच्या झाडाला सोनं लागलं.’ ते वाक्य मी मागे घेते आहे. का, ते नीट सांगते.

हे झाड तुमच्या आजोबांनी फौजेतून निवृत्त झाल्यावर महाबळेश्वरहून रोप आणून लावलं. आता ते गच्चीला टेकलं आहे. भिंतीकडच्या चार-पाच फांद्या पिवळ्या झाल्या आणि मला वाटलं, झाडाने आपणहून नवा सोनेरी वाण काढला. कॉलेजात वनस्पतिशास्त्र इंग्रजीतून शिकले होते. एखादी फांदी अशी अचानक बदलते आणि पुढे तशीच राहते, हे मला ठाऊक होतं. त्याच झाडाच्या मध्यावर मुठीएवढा एक दाट झुपका आला होता. त्याला मात्र मी कीड समजले.

आमचे माळीबुवा सांगलीकडचे, उसाच्या शेतीतले. त्यांनी झाडाभोवती फेरी मारली आणि म्हणाले, “आवं आजी, झाडाला रोग लागलाय. पावसाच्या आदी तोडू, न्हाईतर बाकीच्या झाडास्नी बी लागंल.”

“रोग नाही हो, नवा वाण आहे.”

“तुमी शिकलेली मान्सं. माजं काय, मी करवत घिऊन येतो.”

मी एक वर्ष मागून घेतलं. त्यांनी कबूल केलं, पण बजावलं, “वर्सानं पिवळं वाढलं, तर मग माझ्याशी भांडायचं न्हाई.”

पावसाळ्यात त्यांच्याकडूनच फांद्यांची कलमं करून घेतली. पिवळ्या फांद्यांची पाच, हिरवीची एक. हात धुता धुता त्यांनी झुपक्याचेही दोन तुकडे वाळूत खोचले. “हे कशाला?” मी विचारलं. “बगू की. कुंडी रिकामीच हाय.” मी प्रत्येक कुंडीला रंगीत दोरा बांधला आणि वहीत नोंद केली.

पाऊस लागला तशा झाडाच्या पिवळ्या फांद्यांवर हिरवे शेंडे फुटले. माझं मन खट्टू झालं. थंडीनंतर ते पुन्हा पिवळे पडले, तशी मी पुन्हा खूश! शास्त्र शिकलेल्या बाईने असं आपल्या सोयीचं तेवढंच पाहू नये, पण मी पाहत होते.

वर्ष भरलं, तसे माळीबुवा करवत घेऊन आले. पण झाडाला हात लावण्याआधी ते खाली बसले, भिंतीलगतच्या मातीवरचा पांढरा थर नखाने उकरला आणि चक्क जिभेला लावला.

“मीठ हाय, आजी. आमच्या नदीकाठच्या रानात उसाला आसंच हुतंय. आनि शेजारची ती जास्वंद बगा. तिच्या पानांच्या कडा बी करपल्यात. मोरपंखीचा नवा वाण जास्वंदीत कसा शिरंल वो?”

त्या जास्वंदीची फुलं मी रोज देवाला वाहत होते, पानांकडे मात्र कधी पाहिलं नव्हतं.

मीठ कुठून आलं, हे मात्र लगेच कळलं. मागे तुम्ही आलात तेव्हा बोअरच्या पाण्याने तुमचे केस चिकट झाले, म्हणून तुमच्या बाबांनी पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं. दर शनिवारी मी स्वतः त्यात मीठ घालते. मग यंत्र धुवून निघतं आणि ते खारट पाणी नळीतून बाहेर पडतं. पाण्याचा थेंबही वाया घालवायचा नाही ही माझी शिस्त. म्हणून ती नळी मीच मोरपंखीच्या मुळाशी सोडली होती. पावसात मीठ धुऊन जायचं, तेव्हा झाड हिरवं व्हायचं.

मग आम्ही कुंड्या पाहिल्या. त्यांना ते खारट पाणी कधी मिळालंच नव्हतं. ‘सोन्या’ची जगलेली तिन्ही कलमं हिरवीगार होती, शेजारच्या साध्या कलमासारखीच. आणि झुपक्याचे दोन्ही तुकडे धरले होते. साधं कलम वीतभर वाढलं, हे मात्र चेंडूसारखे गच्च आणि बुटके. भिंगातून पाहिलं, कुठे कीड नाही. फांदीतला खरा बदल म्हणजे तो झुपकाच होता, ज्याच्याकडे मी वर्षभर नाक मुरडून पाहत होते.

“मंजी तुमचं बी चुकलं आनि माजं बी,” माळीबुवा म्हणाले.

“तुमचं कमी चुकलं.”

“मंग च्या जरा गोड करा. मीठ लय झालं आज.”

त्या दिवशी त्यांनी करवतीने फक्त दोन वाळक्या फांद्या काढल्या. नळी आता गटाराकडे वळवली आहे, आणि झाडाच्या मुळाशी मी गोडं पाणी भरपूर सोडते. ते पालिकेच्या नळाचं. माती जिभेवर ठेवणाऱ्या त्या माणसाचे उपकार मी कुठे फेडणार? तुमच्या आजोबांचं झाड उभं आहे. दोन बुटक्या कुंड्या पायरीवर ठेवल्या आहेत, तुमच्या दोघांच्या. तुम्ही याल तेव्हाही त्या फार मोठ्या झालेल्या नसतील.