कुंकू लागलेलं निकेल
कुंकवाची डबी उघडली की मला पिस्कॅटवेतली ती दिवाळी आठवते. कुणाच्या तरी जुन्या सामानाच्या गराज सेलमधून मी जुन्या बफेलो निकेलची अख्खी पिशवी उचलून आणली होती. ही पाच सेंटची अमेरिकन नाणी हाताळून इतकी झिजतात की वर्षाचा आकडाच पुसला जातो, आणि मग कलेक्टर त्यांना विचारत नाहीत. "सगळा कचरा आहे, यार," नवरा म्हणाला. "यातलं एक तरी दुर्मीळ निघणार," मी ठणकावलं. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी त्यातलंच एक लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर ठेवून त्यावर कुंकू वाहिलं. सकाळी उचलून बघते तर झिजल्या आकड्यांच्या कडेकडेने कुंकू बसलेलं आणि त्यात स्पष्ट १९२६! उलटं केलं, तर मागे सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचा एस. वर्षानुवर्षं शोधत होते, नेमकं तेच दुर्मीळ नाणं. नवरा ते धुवायला सिंककडे निघाला. "धुवायचं नसतं!" मी आणि सासूबाई एकदमच ओरडलो, मी नाण्याची किंमत उतरेल म्हणून, सासूबाई ती पूजेतली लक्ष्मी म्हणून. आजही कॉइन शोमध्ये डीलर विचारतात, हा लाल डाग कसला? मी ऐटीत सांगते, आमच्या घरचं सर्टिफिकेट आहे ते.