खाट हलवायची नाही

बाबांची खाट मागच्या खोलीत खिडकीला लावलेली होती. खिडकीबाहेर परसात एक जुना शिरीष होता आणि तो दर वर्षी थोडा थोडा आमच्या खोलीकडे वाकत होता. त्याचा बुंधा वाळवीनं इतका पोखरला होता की माझी मूठ सहज आत जाई. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचा डावा हात आणि डावा पाय चालत नव्हता, त्यामुळे दिवसाचा बहुतेक वेळ ते त्या खाटेवरच असत. झाड पडलं असतं तर आधी खोलीच्या पत्र्यावर आणि मग बाबांवर पडलं असतं. आम्हा तिघांनाही हे स्पष्ट दिसत होतं.

मग खाट पुढच्या खोलीत का नाही हलवली? आईनं हेच विचारलं होतं.

"खाट हलवली की धोका संपला," बाबा म्हणाले. "धोका संपला की परवानगी कशाच्या आधारावर मागायची?"

बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यातून रिटायर होऊन या फ्लॅटमध्ये आले होते. नोकरीभर दिवसा त्यांनी फायली केल्या आणि संध्याकाळी कर्मचारी युनियनची पत्रकं लिहिली. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी त्या पत्रकांवरच वाढले. डब्यातल्या पोळ्या त्यांत गुंडाळलेल्या असत, कपाटाचे कप्पे त्यांनी मढवलेले असत. शाळेत पहिल्यांदा फळ्यावर मनानं काहीतरी लिही असं बाई म्हणाल्या, तेव्हा मी 'साथियो' लिहिलं होतं. पुढे युनिव्हर्सिटीत असताना मुनिरकाच्या भाड्याच्या खोलीत बसून मी स्वतःची पत्रकं लिहायला लागले. त्यांतली निम्मी पत्रकं झाडतोडीच्या विरोधातली होती. बाबा आजारी पडले म्हणून घरी परतले आणि पहिलाच अर्ज लिहिला तो झाड तोडण्यासाठी.

लिहिताना हात अडला, पण फार नाही. परवानगीशिवाय झाडाला हात लावायचा नाही, हा नियम लोकांनी भांडून मिळवलेला आहे असं मी मानते. तो बिल्डरला लागू असेल तर आम्हालाही लागू. आणि नियमानं मागायचं तर ताठ मानेनं मागायचं. म्हणून खाटेच्या प्रश्नावर मी बाबांच्या बाजूनं होते. आम्ही का हलायचं? हलायचं तर झाडानं.

"छान," आई म्हणाली. "मग झाडालाच एक पत्रक दे."

अर्ज देऊन बरेच दिवस झाल्यावर वनखात्याच्या ऑफिसातून एक इन्स्पेक्टर आला. अंगानं बारीक, काखेत हेल्मेट, बोलायला शांत. त्यानं बुंध्यावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, "पेड़ तो गया हुआ है."

मला वाटलं, झालं काम.

"ख़तरा किसको है?"

मी मागच्या खोलीकडे बोट केलं. त्यानं आमच्या फ्लॅटचा नकाशा उघडला, उलटा केला, सुलटा केला.

"यह कमरा तो नक्शे में है ही नहीं."

खरं होतं. आमच्या ओळीतल्या तळमजल्यावरच्या सगळ्यांनीच अर्धं परस घेऊन पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या, आणि सगळ्यांबरोबर आम्हीही. ज्या माणसानं ऑफिसातली एक पेन्सिल कधी घरी आणली नाही, तो रिटायर झाल्यावरही वर्षानुवर्षं बेकायदा खोलीत बसून नियमांवर पत्रकं लिहीत होता. मी बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते.

"जो कमरा है नहीं, उस पर पेड़ कैसे गिरेगा?" इन्स्पेक्टरनं अगदी मनापासून विचारलं.

"कमरे पर नहीं, मेरे बाबा पर गिरेगा!"

"देखिए, काग़ज़ पर तो ये खुले में लेटे हैं. खुले में लेटा आदमी हट सकता है."

"ये नहीं हट सकते."

"तो आप लोग हटाइए."

"मुझे आपत्ति है," बाबा खाटेवरून म्हणाले. "दर्ज कीजिए."

त्यानं ती हरकत खरोखर दर्ज केली. मग विचारलं, बदल्यात कुठलं झाड लावणार?

"कढीपत्ता," आई म्हणाली.

"वह पेड़ नहीं है माताजी, मसाला है."

शेवटी अमलतास ठरला. "म्हणजे बहावा," आई म्हणाली, आणि त्या झाडाला मराठीत नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं. पण नवं झाड आधी लावायचं होतं, त्याचा फोटो फाइलला जोडायचा होता, आणि मगच जुनं तोडायचं होतं.

"लगाएँ कहाँ?"

"इसी जगह."

"इस जगह तो पेड़ है."

"वही तो," तो म्हणाला आणि हेल्मेट घालून निघून गेला.

आम्ही बहाव्याचं रोप कुंडीत आणलं, शिरीषाच्या बुंध्याला टेकवून ठेवलं आणि फोटो काढून पाठवला. त्यानंतर काहीच झालं नाही. थंडी गेली. शिरीषाची पानं झडली, वाळक्या शेंगा तेवढ्या राहिल्या, आणि वारा आला की त्या खडखड वाजत. बाबा त्यांना टायपिस्ट म्हणायचे. "आज टायपिस्टचा ओव्हरटाइम दिसतोय," असं म्हणून कूस बदलायचा प्रयत्न करायचे.

वरच्या मजल्यावरच्या पंजाबी अंकलनी एकदा गच्चीतून वाकून मला उपाय सांगितला. "बेटा, जड़ में दो बोरी नमक डाल दे. अपने आप सूख जाएगा. पूरी लाइन ने यही किया है."

"अंकल, यह क़त्ल है."

"क़त्ल तो तू अर्ज़ी देकर भी कर रही है यार. मैं बिना अर्ज़ी वाला बता रहा हूँ."

मी खाली त्यांना नियमाचं महत्त्व समजावत राहिले आणि ते वर टॉवेल वाळत घालत राहिले. आई आतून म्हणाली, "तुम्हा बापलेकीच्या तत्त्वांखाली एक माणूस झोपतोय, तेवढं लक्षात असू दे."

मे महिन्यात एका दुपारी आँधी आली. आकाश पिवळं झालं, मग विटकरी, आणि दारं आपटायला लागली. खिडकीतून पाहिलं तर अख्खा शिरीष मुळापासून हलत होता, आणि बुंध्यातून असा आवाज येत होता जसा जुन्या पलंगातून येतो. माझं तत्त्व त्या एका आवाजानं गेलं.

"आई, पकड!"

तिनं पायाकडून खाट धरली, मी डोक्याकडून. बाबांनी उजव्या हातानं खिडकीचा गज घट्ट पकडला.

"सोडा म्हणतो ना! उद्या तो आला तर त्याला काय दाखवणार?"

"तुम्हाला दाखवू!" आई ओरडली. "धडधाकट!"

तेवढ्यात वर असा दणका बसला की मी डोकं धरून खालीच बसले. एक फांदी तुटून पत्र्यावर आली होती. पत्रा फाटला नाही, पण बाबांच्या उशीच्या बरोबर वर त्याला आत मोठा पोचा आला. बाबांचा हात गजावरून आपोआप सुटला. मी खाटेला पुन्हा हात घातला.

"बाबा, बस झालं. चला."

"फांदी जपून ठेव," ते म्हणाले. "एवढं सोसलं ते फुकट घालवू नकोस."

एव्हाना वादळ ओसरलं होतं, आणि ते ऐकेनात. त्या दिवसापासून आई त्यांच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून तिथंच झोपायला लागली. मी तिला आत ये म्हटलं तर म्हणाली, "पडलं तर दोघांवर पडेल. तेवढाच तुझा अर्ज मजबूत होईल."

ते वाक्य मला फार लागलं. सकाळी मी फांदी उचलली. आतून पोकळ होती म्हणून उचलता आली. ऑटोत आडवी घातली आणि त्या ऑफिसात घेऊन गेले. दोन्ही बाजूंनी ती बाहेर येत होती आणि सिग्नलला लोक तिला अँब्युलन्ससारखी वाट देत होते.

गेटवर गार्डनं अडवलं. "लकड़ी ले जाने की परमिशन?"

"मैं परमिशन लेने ही आई हूँ."

"वह काटने की होगी. यह ले जाने की अलग है. काटी किसने?"

"काटी नहीं, गिरी है."

"गिरी है तो उठाई क्यों?"

मी तिथंच फांदी खाली टाकून तिच्यावर उभी राहिले आणि बोलायला लागले. झाडांबद्दल बोलले, म्हाताऱ्यांबद्दल, नकाशात नसलेल्या खोल्यांत राहणाऱ्या सगळ्या दिल्लीबद्दल. युनिव्हर्सिटीतही मी इतकं चांगलं बोलले नव्हते. गार्ड, ऑटोवाला आणि एक चहावाला ऐकत होते. गडबड ऐकून इन्स्पेक्टर बाहेर आला. त्यानं फांदी पाहिली, पोकळीत डोकावला.

"यह गिरी कहाँ थी?"

"हमारी छत पर. मतलब, जो कमरा नहीं है उसकी छत पर."

"तो मौक़े से हटाई क्यों? अब मैं देखूँगा क्या? वापस रखिए, जैसी गिरी थी वैसी. मैं परसों आता हूँ."

परतताना ऑटोवाल्यानं आरशातून फांदीकडे पाहिलं. "मैडम, इसको भर्ती नहीं किया?"

मग अंकल आणि मी त्यांच्या गच्चीतून कपडे वाळत घालायच्या दोरीनं ती फांदी पुन्हा पत्र्यावर सोडली. आई खाली उभी राहून सांगत होती, "डावीकडे. अजून डावीकडे. अगं, पोचा दिसतोय ना तुम्हाला?" फांदी बसल्याचा आवाज आला तेव्हा बाबा आतून म्हणाले, "जरा हळू पडली, पण चालेल."

इन्स्पेक्टर खरंच आला. शिडी लावून वर पाहिलं, खाली उतरला आणि सुस्कारा टाकला. "सब ठीक है. पर कमरा तो अब भी नक्शे में नहीं है. मैं लिखूँ क्या?"

"इधर आइए," बाबा म्हणाले आणि उजव्या हातानं गादी थोपटली. "लेटिए."

"मैं?"

"आप."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं बूट काढले आणि भिंतीशी नीट जोडीनं ठेवले. आईनं दुसरी उशी दिली. तो बाबांच्या शेजारी उताणा झाला, अंग चोरून, पोटावर हात बांधून. त्या खाटेवरून आकाश दिसत नाही. खिडकीभर फक्त आपल्याकडे येणारा बुंधा दिसतो आणि डोक्यावर पत्र्याचा पोचा. दोघं शेजारी शेजारी वर बघत होते. वाऱ्याची झुळूक आली.

"यह खड़खड़ क्या है?"

"टाइपिस्ट है. आपका ऑर्डर टाइप कर रही है. सर्दियों से."

मग बुंधा करकरला. अगदी हळू, नेहमीसारखाच. आम्हाला त्याची सवय झाली होती. इन्स्पेक्टर ताडकन उठून बसला आणि त्यानं पाणी मागितलं.

"क्या लिखूँ, आप ही बताइए," तो बाबांना म्हणाला.

बाबांनी डोळे मिटले. इतक्या महिन्यांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. सावकाश, स्वल्पविरामासह त्यांनी सांगितलं, "वृक्ष के ठीक नीचे, एक व्यक्ति स्थायी रूप से लेटा हुआ है, जिसे हटाया जाना संभव नहीं है."

खोलीचा उल्लेखच नाही. त्या कागदावर बाबा आजही परसात, उघड्यावर, झाडाखाली कायमचे पडलेले आहेत.

परवानगी आली. झाड एका सकाळी उतरलं. आधी घरटी नाहीत ना हे मी स्वतः अंकलच्या गच्चीवर चढून बघितलं. बुंधा कापला तेव्हा आत लाकूड जवळजवळ नव्हतंच, सालीच्या भरवशावर उभा होता इतकी वर्षं. त्याच्या जागी आम्ही बहावा लावला.

आणि जून लागला. शिरीष होता तोवर आम्हाला कळलंच नव्हतं की त्या पत्र्याला सावली त्याची होती. आता दुपारी खोलीत हात लावावा ती वस्तू भाजत होती. कूलर नुसता गरम वारा फेकत होता. बाबा घामानं भिजून पडलेले असत आणि कशालाच हरकत घेत नसत. आठवड्याच्या आत अंकलनी एक बाजू धरली, मी दुसरी, आणि खाट पुढच्या खोलीत नेली. एका दमात गेली, कुठं अडकलीसुद्धा नाही. आई पाण्याचा तांब्या घेऊन मागून येत होती.

"दारातून जाते की हो खाट," ती म्हणाली.

पावसाळ्यानंतर इन्स्पेक्टर रोप जगलंय का हे पाहायला आला. बहाव्याला ऊन लागू नये म्हणून मी माझा जुना कापडी बॅनर चार काठ्यांवर ताणला होता. त्याच्या खाली वाकून त्यानं पानं पाहिली, समाधान झालं. मग मागच्या रिकाम्या खोलीत डोकावला आणि दचकला.

"अंकलजी...?"

"आगे के कमरे में हैं," मी म्हटलं.

तो पुढे आला. बाबा उशीला टेकून चहा घेत होते. त्यानं खाटेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा खाटेकडे.

"तो यह पहले भी ले जा सकते थे?"

"ले जा सकते थे," बाबा म्हणाले. "फिर आप आते?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो काहीतरी सफाईदार बोलेल आणि मी तुटून पडेन, या तयारीत होते. त्यानं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि खरोखर विचार केला.

"नहीं," तो म्हणाला.

आईनं त्याच्यापुढे चहा ठेवला. मग मला म्हणाली, "त्याला विचार, बहावा मोठा होऊन वाकायला लागला तर? त्याचा अर्ज आत्ताच देऊन ठेवू. ह्यांना पुन्हा झोपवायचं नाहीये मला कुठल्या झाडाखाली."

मी हिंदीत सांगितलं. तो हसला नाही.

"अभी नहीं ले सकते, माताजी," तो म्हणाला. "अभी ख़तरा नहीं है."