न पाठवलेलं बोलावणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, गाईडला न्हाई, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला पाहिजे होतं तिला तर न्हाईच. तुम्हालाच का सांगून राह्यले? तुम्ही मधेच उठून कुकर बंद करायला जाणार न्हाई म्हणून असंल.

मी पीएच.डी. केली ती लिहिण्यावर. माणूस काय लिहितो यावर न्हाई — कसा लिहितो यावर. लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर टाकायचं, ते मागं गपचूप बसून एकेक बटण टिपतं. काय दाबलं, काय खोडलं, बोटं कुठं थांबली. मंग मी ते सगळं परत चालवून बघायची. याडच लागल्तं म्हणा ना. दोन शब्द पुढं, एक मागं, असं लिहिणारी माणसं मला फार गोड वाटायची. संमतीची सही घेतल्याशिवाय कुणाचं अक्षरही टिपत न्हाई, असं मी सगळीकडं मोठ्या तोऱ्यात सांगायची.

वडीगोद्रीला आमच्या घरी माझी वहिनी. पिंपळगाव रेणुकाईची लेक. दादाचं लग्न झालं तवा मी शाळेत होते. माझ्या वेण्या तिनं घातल्या, मला पुढं शिकू द्या म्हणून आईशी भांडली तीच. मी धाकटी, तरी मला ताई म्हणती, अन् वरून चिमटे काढती. "ताई, तुम्ही डॉक्टर झाल्या की मला बी अर्धी डॉक्टर म्हणायचं बरं का. भाकरी माझ्या हायेत त्यात." होत्याच.

तिचाही नमुना घेतला मी. सही करून तिनं 'आमचं गाव' लिहिलं — परीक्षेला बसल्यासारखं, ताठ. माझ्या काही कामाचं नव्हतं ते. मंग म्हणली, माझा फोन दुरुस्तीला गेलाय, तुमच्या लॅपटॉपवरून अण्णाला एक निरोप टाकू का? अण्णा म्हणजे तिचा भाऊ. मी म्हणलं टाक की, आणि खोलीतून बाहेर आले. सॉफ्टवेअर बंद केलं न्हाई. विसरले का? न्हाई. हात गेल्ता बंद करायला. आता ही खरं लिहील, असं मनात आलं — आणि हात मागं घेतला.

नागपंचमी तोंडावर आल्ती. आमच्याकडं पंचमीला लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, मुराळी म्हणतात त्याला. पण त्या साली आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्तं, आणि माझा प्रबंध संपत आल्ता. वहिनी गेली असती तर आई अन् स्वयंपाक दोन्ही माझ्या गळ्यात.

दुसऱ्या दिवशी मी ते चालवून बघितलं. "अण्णा, पंचमीला न्यायला ये." खोडलं. "मायला बघावं वाटून राह्यलं." मंग कितीतरी वेळ काहीच न्हाई, नुसती कर्सरची उभी रेघ उघडझाप करून राह्यली. मंग तेही खोडलं, एकेक अक्षर करत. आणि शेवटी एका दमात — "औंदा जमत न्हाई. मुराळी नको. इकडं सगळे मजेत."

वाईट वाटलं मला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? पलीकडं ती भाकरी थापून राह्यल्ती, आवाज येत होता. उठून एवढंच म्हणायचं होतं — वहिनी, तू जा, आईचं मी बघते. चार दिवसांचा तर प्रश्न. न्हाई उठले. मला माझं प्रकरण पुरं करायचं होतं. शिवाय तुला कसं कळलं म्हणली असती, तर काय सांगायचं?

बरं, गप तरी बसावं. मी ते प्रबंधात घातलं — नाव काढून. परीक्षकांना तेच आवडलं. खोडण्याचा इतका बोलका नमुना बघितला न्हाई, म्हणले. पेढे वहिनीनं वाटले, गल्लीभर.

त्या पंचमीच्याच साली, दिवाळीच्या आधी तिची माय गेली. अचानक. पंचमीला गेली असती तर भेट झाली असती.

मयतीत अण्णा सगळ्यांपुढं म्हणला, तूच नको म्हणली मुराळीला. त्याच्या फोनवर निरोप होताच. पाठवलेलं तेवढंच राहतं ना? तवापासून वहिनीनंही तेच धरलंय. खोडलेलं तिच्या लक्षातच न्हाई आता. दरसाली पंचमीला पुरणाचे दिंड उकडताना म्हणती, "मला तवा मायची आठवणच कशी आली न्हाई हो ताई? तुमच्या घरात रमले अन् जन्म दिलेलीला विसरले." हसून म्हणती. मंग पदरानं तोंड पुसती, वाफेचं निमित्त करून.

आली होती गं आठवण. तुझ्याच हातचं आहे ते, माझ्या लॅपटॉपमध्ये. वाचलेली मी एकटी — आणि हे तिला सांगायचं तर मी कशी वाचली तेही सांगावं लागतं.

माझं लग्न झालं तसा दादा दर पंचमीला मला न्यायला घनसावंगीला येतो. वहिनीच पाठवती त्याला, दोन दिवस आधीपासून मागं लागून. औंदाही आल्ता. औंदाही ती चुलीपाशी तेच म्हणली. मी दिंड फोडला, वर तूप घेतलं, आणि अजून एक वाढ म्हणलं.