बंद वसतिगृहातला माणूस

"बाबू, माहा खाना भरा. मी पाह्यतो."

रोज सकाळी आमच्या पाणीवाल्याचं हेच वाक्य. दोन्ही बादल्या दाराबाहेर ठेवायच्या, हात धोतराला पुसायचे आणि माझ्या टेबलाशी येऊन हजेरीच्या मस्टरवर वाकायचं. आपल्या नावाच्या ओळीवर बोट ठेवून ते त्या दिवसाच्या खान्यापर्यंत, म्हणजे चौकोनापर्यंत, सरकत जात. मी खूण केली की शाई वाळेपर्यंत उभे राहत आणि मगच बादल्या उचलत.

मला त्याचा भारी राग येई. मी बावीस वर्षांचा, दुर्गहून नुकताच कारकून म्हणून लागलेलो. वडील रेल्वेत, त्यामुळे कागदपत्र म्हणजे आपल्या घरचीच गोष्ट असा तोरा. एकदा मी खेकसलोच, "माझ्यावर भरवसा नाही का रे तुझा?"

"तुमच्यावर हाये जी. कागदावर नाही."

जवळच्या मरोद्याला ठेकेदाराकडे माती वाहत असताना मुनशीनं त्यांच्या हजेरीतले अकरा दिवस खाल्ले होते. तेव्हापासूनची ही सवय. आणि हो, ते माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे होते आणि मी त्यांना अरेतुरे करत होतो. आज लिहिताना 'ते' लिहितो आहे. या आदराचा त्यांना काडीचाही उपयोग नाही.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे मुरमाचे ढीग, ट्रक आणि लाल धूळ. ओव्हरसियर आणि नकाशे काढणारे तयार करणारी आमची एक लहानशी शाळा होती, तिला जोडून मुलांचं वसतिगृह. आज त्या शाळेचं नाव कुणाला आठवत नाही, आणि ते ठीकच आहे.

ते तिथे रोजंदारीवर पाणी भरत आणि झाडलोट करत. पाणी भरत म्हणजे आंघोळीचं आणि संडासाचं. प्यायचं पाणी स्वयंपाकी महाराज स्वतः भरी. यांनी स्वयंपाकघराच्या पायरीला पाय लावायचा नाही, असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. ते भंडाऱ्याकडचे. आदल्या साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते आणि तेव्हापासून कुणापुढे वाकून उभे राहत नसत. वाकत ते फक्त मस्टरवर.

त्याचं कारणही होतं. आमच्याकडे सलग आठ महिने हजेरी लागली की रोजंदारीचा माणूस कायम होई. कायम झाला की मागच्या चाळीत एक खोली आणि मुलाबाळांना जवळच्या शाळेत प्रवेश. मधे एक दिवस जरी तुटला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यांचे सात महिने झाले होते.

"कायम झालो का पोरीले शाळेत टाकतो," ते सांगत. "हुशार हाये. माह्यासारखी खाने मोजत नाही बसन. वाचन सारं."

त्या वर्षी फ्लू आला. आधी स्टेशनाकडे, मग मजुरांच्या झोपड्यांत आणि मग आमच्या वसतिगृहात. सकाळी धडधाकट असलेला मुलगा दुपारी बाकावर डोकं टाकून कण्हू लागे. आठवड्याभरात निम्म्या खाटा भरल्या.

अशा वेळी मोठ्या खुर्चीवरच्या माणसांना तुम्हीही पाहिलं असेल. त्यांना आधी खर्च दिसतो. आमच्या प्राचार्यांनी एका दुपारी सगळं निकालात काढलं. परीक्षा पुढे ढकलल्या, वसतिगृह बंद, खाणावळ बंद, मुलांनी घरी जावं, भरलेली फी परत मिळणार नाही. वसतिगृहच बंद म्हटल्यावर रोजंदारीच्या माणसांचंही काम बंद. नोटीस माझ्याच अक्षरात दाराला लागली. महाराज पहिल्या गाडीनं पसार झाला.

पण नऊ मुलं उठूच शकत नव्हती. कुणी केरळचा, कुणी बंगालचा, तापानं फणफणलेले. त्यांना कोण गाडीत बसवणार? दहावा मी. वसतिगृहातच राहायचो, नोटीस चिकटवून आलो तो खाटेवर पडलो.

प्राचार्य नाकाला रुमाल लावून व्हरांड्यापर्यंत आले. माझी खाट खिडकीशीच होती, त्यामुळे शब्द न् शब्द मला ऐकू आला.

"देखो, ये लड़के यहीं रहेंगे. तुम सँभाल लो."

"साहेब, माही हजेरी?"

"देख लेंगे. बोला ना, देख लेंगे."

 'देख लेंगे'चा अर्थ त्यांना कळला होता; मलाही त्या तापात कळत होता. आत कुणीतरी ओकलं. त्यांनी बादली उचलली आणि आत गेले.

पहिल्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघराचं दार उघडलं. "चूल त थंडी हाये, तांदूळ घरात हाये. मंग वाट कोणाची पाह्यता?" असं म्हणत त्यांनी पेज शिजवली. एका मुलानं तोंड फिरवलं. हे त्याच्या उशाशी वाटी घेऊन बसून राहिले.

"चांगला झाला का घरी जाऊन आंघोळ करजो बाप्पा. आता पी."

तो हसला आणि प्यायला. दोन दिवसांनी तोच त्यांना हाका मारू लागला.

एकवीस दिवस हे चाललं. ओली फडकी, पेज, घाण काढणं, कपडे उकळणं. दवाखान्यात वर्दी द्यायला गेले तर तिथे म्हणाले, ते वसतिगृह तर बंद आहे. मग रोज स्वतःच रांगेत उभं राहून दहा जणांची औषधं आणू लागले. रुआबांध्याला आपल्या झोपडीत गेले नाहीत. ताप पोरीला लागेल म्हणून. बायको पोरीला घेऊन मुरमाच्या ढिगापलीकडे येऊन उभी राही आणि हे इकडून ओरडून बोलत.

"कधी येता?"

"पोट्टे उठले का येतो!"

माझं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं. माझे कपडे बदलले होते. मी तापात आईला हाक मारली तेव्हा "हाव, हाव, हाये मी" असं म्हणाले होते. नऊच्या नऊ मुलं उठली. मीही उठलो.

मग दारावरची नोटीस उतरली आणि सगळे परतले. महाराज आला. चुलीवर पेज कुणी शिजवली ते त्याला कुणीतरी सांगितलंच. त्यानं स्वयंपाकघर धुऊन काढलं आणि भांडी नवी पाहिजेत म्हणून अडून बसला. प्राचार्यांनी त्या अर्जावर उभ्या उभ्या सही केली.

वर अहवाल गेला. वसतिगृह वेळीच बंद केल्यामुळे साथ आटोक्यात राहिली व संस्थेचा खर्च वाचला. तोही माझ्याच अक्षरात. माझं अक्षर छान होतं, त्याला आग लागो.

"हॉस्टेल बंद था, तो पानीवाला काम पर कैसे?" प्राचार्य म्हणाले. "उसके नाम पर लाल लाइन खींचो."

"साहेब, वो था यहाँ."

"रिपोर्ट जा चुकी है."

एवढाच माझा विरोध. तेवढाही मी तोंडातल्या तोंडात केला. मी पट्टी घेतली आणि एकवीस चौकोनांवरून लाल रेघ मारली. वाकडी होऊ नये म्हणून काळजी घेतली.

दुसऱ्या दिवशी ते आले. त्यांचं बोट नेहमीसारखं ओळीवरून सरकत आलं आणि रेघेशी थांबलं.

"हे काय हो बाबू?"

"कागदोपत्री वसतिगृह बंद होतं ना. साहेब म्हणतात, आजपासून नव्यानं धरू. आठ महिने काय, असे जातील."

त्यांनी चौकोन मोजले. मग बोट पानाच्या वरच्या टोकाला गेलं, कायम लोकांच्या ओळींकडे. दुसऱ्याच्या ओळीला त्यांनी आजवर कधी हात लावला नव्हता.

"तुमची कोणती?"

मी दाखवली. सगळे चौकोन भरलेले होते. आजारपणाची रजा दाखवली असती तर मी कुठे आजारी होतो हा प्रश्न आला असता, म्हणून प्राचार्यांनी मला कामावर हजर दाखवलं होतं.

"तुमचे त सारे भरले."

"हो."

"कुठं होते तुम्ही तवा?"

"इथंच."

"इथं त बंद होतं."

मी मस्टर मिटायला गेलो, पण त्यांचं बोट पानावरच होतं.

"मंग पेज कोणाले पाजली म्या, बाबू?"

आवाज चढवला नाही. बादली माझ्या डोक्यात घातली असती तर मी त्यांचा उपकार मानला असता.  शाई वाळायला थांबत त्याहून जास्त वेळ थांबले. मग बाहेर गेले, बादल्या भरल्या, त्या दिवसाचं सगळं पाणी भरलं आणि संध्याकाळी निघून गेले.

पुन्हा आले नाहीत. चौथ्या दिवशी पाण्याला नवा माणूस लागला. त्यांच्या नावापुढे 'स्वतःहून काम सोडले' असा शेरा मीच लिहिला. त्याच दिवशी ते झोपडी मोडून बायकोपोरीला घेऊन गेले, एवढंच कानावर आलं. रायपूरकडे की नागपूरकडे, कुणाला ठाऊक नव्हतं. रुआबांधा आमच्या फाटकापासून पायी अर्ध्या तासावर. ते तिथे असतानाचे ते तीन दिवस मी रोज जाईन म्हणालो आणि गेलो नाही.

एक तारखेला त्या महिन्याचा पगार मी पूर्ण घेतला.