मशीनखालचा ट्रे

पुण्यातल्या आमच्या कारखान्यात इंग्लिश मशीन लांबूनही ओळखू येई. त्याच्याखाली पत्र्याचा ट्रे असे, ट्रेमध्ये तेल आणि भोवती लाकडाचा भुसा. सकाळची पाळी सुरू झाली की कोमट तेल, ओला भुसा आणि गाडीवरून येणारा चहा यांचा मिळून एक वास शॉपभर पसरे. मला तो अजूनही आवडतो. कारखाना उभारणारे साहेब लोक माझ्या आधीच मायदेशी गेले होते. मागे त्यांनी मशीनं ठेवली आणि वेगवेगळी जेवणघरं ठेवली: कामगारांचं, सुपरवायझरांचं, अधिकाऱ्यांचं आणि एक अशा लोकांचं, ज्यांना आम्ही जेवताना कधीच पाहिलं नाही.

नव्वदच्या दशकात कंपनीचं सहकार्य इंग्लंडकडून जपानकडे वळलं आणि माझी रवानगी नागोयाला झाली. तिथे सगळ्यांना एकच कॅन्टीन. कारखान्याचे प्रमुख माझ्यासारखाच राखाडी शर्ट घालून नूडल्सच्या रांगेत उभे राहत. सकाळी रेडिओच्या तालावर सगळे मिळून व्यायाम करत. पहिले काही दिवस मी त्यांच्याकडे बघून हसू दाबलं. मग माझी पाठ दुखायची थांबली आणि हसूही गेलं.

अशात एक इंग्लिश ग्राइंडिंग मशीन चाचणीसाठी आलं. त्याच्याबरोबर आले एक म्हातारे साहेब, ते बनवणाऱ्या इंग्लंडमधल्या कारखान्याचे निवृत्त वर्क्स मॅनेजर, खास या कामासाठी घरून परत बोलावलेले. मला इंग्रजी येत होतं, जपानी काम चालण्यापुरतं येत होतं आणि पुण्यात मी याच बनावटीच्या मशीनवर काम केलं होतं, म्हणून मला त्यांच्याबरोबर दिलं. त्यांनी आणलेलं माहितीपत्रक जाड होतं. आधी चेअरमनांचा फोटो, मग कंपनीचा इतिहास, मग संचालक मंडळ ओळीने उभं. मशीन पार मागच्या पानांवर होतं.

"हे सोडून द्या," साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले. "खरी गोष्ट एवढीच. इथे ऑर्डर मिळाली तर आमचा ग्राइंडर विभाग चालेल. नाही मिळाली तर बंद. माझी सगळी गल्ली तिथे कामाला आहे."

मशीन बसवलं. साहेबांनी स्वतः पितळी पाटी पुसली आणि खोक्यातून हिरवा रंगवलेला, सुबक कडांचा ट्रे काढून खाली सरकवला. तो अगदी छान बसला. मलाही बरं वाटलं. घरचं माणूस भेटल्यासारखं.

काचो, म्हणजे आमचे विभागप्रमुख, खाली वाकून पाहत होते.

"हे काय आहे?"

"ट्रे."

"कशासाठी?"

"तेलासाठी."

काचोंनी ट्रेमध्ये डोकावून पाहिलं. "तेल आत नसतं का?"

मी भाषांतर केलं. साहेब प्रसन्नपणे म्हणाले, "आतही असतं. आणि सांगा त्यांना, ट्रेचे वेगळे पैसे नाहीत."

काचोंनी आभार मानून मान लववली. साहेबांना ते शुभचिन्ह वाटलं. मलाही. मशीन गळतं यात सांगण्यासारखं काही आहे, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात येईना. चाचणी सुरू झाली. मशीनने असं काम केलं की काचोंनी स्वतः मोजून कबूल केलं, इतकी अचूकता आमच्या मशीनलाही येत नाही. पण त्यांची माणसं टॉर्च घेऊन मशीनच्या बुडाशी बसली होती, ती उठेनात.

"मोजमाप उत्तम आहे," शेवटी काचो मला हळूच म्हणाले, "पण मशीन अजून पूर्ण झालेलं दिसत नाही. ते पूर्ण करून कधी आणणार?"

त्या संध्याकाळी मी साहेबांना घरी जेवायला नेलं. वरण-भात, लिंबू, बटाट्याची भाजी. काचोंचा प्रश्न मी त्यांना वाटेतच सांगितला होता. मी बायकोला सगळी हकीकत मराठीत सांगितली.

"अहो, मग पुण्यात गळत होतं तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"भुसा टाकत होतो."

साहेब एकदम बोलू लागले. "तेल बाहेर येऊ न देणारं चांगलं ऑइल सील आमच्याकडे कधीचं तयार आहे. मी तरुण होतो तेव्हा आमच्या ड्रॉइंग ऑफिसने काढलं. वर पाठवलं की वरून एकच प्रश्न यायचा: कोणत्या गिऱ्हाइकाने तक्रार केली आहे? आणि गिऱ्हाइकं कोण? तुम्ही. आफ्रिका. ऑस्ट्रेलिया. तुम्ही लोकांनी कधी एका शब्दाने तक्रार केली नाहीत."

"करून काय मिळणार होतं? आम्हाला आयातीचं लायसन्स तुमच्याच मशीनचं होतं. दुसरं आणणार कुठून?"

"तेच. आम्हालाही ते ठाऊक होतं."

बायकोने त्यांच्या पानात भात वाढला. "म्हणजे हे तिकडे निवांत, तुम्ही पुण्यात निवांत. इतकी वर्षं दोघं मिळून गळणारं तेल सांभाळत बसलात. कमाल आहे!"

"काय म्हणाल्या?" साहेबांनी विचारलं.

"आणखी भात घ्या म्हणाली."

"भाताच्या मानाने वाक्य बरंच लांब होतं," साहेब म्हणाले आणि भात घेतला.

निकालाची बैठक छोटी झाली. काचोंनी मशीनच्या अचूकतेची मनापासून स्तुती केली आणि म्हणाले, "आम्ही यावर विचार करू." मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर साहेबांनी हात वर केला. "राहू द्या. आमच्याकडेही नाही म्हणायचं असलं की असंच म्हणतात."

पुढे साहेबांचा ग्राइंडर विभाग टिकला नाही, हे आज मला माहीत आहे. त्या दिवशी आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

मी त्यांना नागोया स्टेशनवर पोहोचवायला गेलो. टोकियोची गाडी यायला थोडा अवकाश होता. प्लॅटफॉर्मवरचा फोन दिसताच त्यांनी माझ्याकडे फोनचं कार्ड मागितलं. तिकडे इंग्लंडमध्ये सकाळ झाली होती, कारखाना उघडला होता. मी त्यांची बॅग धरून शेजारी उभा राहिलो.

"नाही, ऑर्डर नाही," ते म्हणाले. "ऐक. जुनं सील काढून टाका. नवीन घालायला आजपासून सुरुवात करा."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही. गिऱ्हाइकाने मागितलेलं नाही. मी मागतोय."

पलीकडचं बोलणं आता लांबलं. साहेब ऐकत होते, मधूनच मान हलवत होते, त्यांचा चेहरा लाल झाला होता. गाडी आली. दारं उघडली. मी त्यांच्या कोटाला हात लावला. त्यांनी माझ्याकडे न बघताच बोटाने खूण केली, पुढच्या गाडीने जाईन, आणि फोनमध्ये म्हणाले, "बरं. मग आता तुझ्या वरच्याला बोलाव."