लढाईच्या रानातला गोटा

रोहिणखेडच्या वर, घाट लागायच्या आधी, एक माळ आहे. त्याला सगळे लढाईचं रान म्हणत. कुठल्या तरी दोन सुलतानांच्या फौजा तिथे एकमेकींवर तुटून पडल्या होत्या म्हणे. आता लोक गाड्या करून तो माळ बघायला येतात आणि कोण जिंकलं यावर वाद घालतात. मला त्या वादाचा मनस्वी कंटाळा आहे. आमची बुलढाण्याला जायची पायवाट त्या रानातून होती आणि वाटेवर दगडांचा मोठा ढीग होता, एवढंच मला त्या लढाईचं ठाऊक.

त्या ढिगाची एक रीत होती. येणाऱ्याजाणाऱ्याने एक गोटा उचलून ढिगावर ठेवायचा. ज्या मेलेल्यांना मूठमाती मिळाली नाही, त्यांच्यासाठी. माझी आई ही रीत कधी चुकवत नसे. डोक्यावर ओझं असलं तरी वाकायची, आम्हालाही वाकायला लावायची.

मग माझा थोरला भाऊ चीनच्या लढाईत बेपत्ता झाला. मेला असं कोणी सांगेना, जिवंत आहे असंही कोणी सांगेना. आई-वडील अधूनमधून बुलढाण्याच्या कचेरीत त्याची चौकशी करायला जात. मी तेव्हा लग्नाची झाले होते. चार बुकं शिकल्यामुळे साहेबाचं बोलणं मला कळेल, म्हणून आई मला बरोबर नेई. साहेब बोलतच नसे, नुसती मान हलवायचा. त्यात कळायचं काय होतं?

पहिल्याच खेपेला ढिगापाशी आई म्हणाली, "आपल्या घरचं कोनी गोटा ठेवनार नाही. आपल्या घरी कोनी मेलं नाही." दोन्ही हात पदरात गुंडाळून ती तरातरा पुढे गेली. नंतर दर वेळी तसंच. वडील मात्र नेमके तिथेच मागे पडत. कधी चपलेत खडा जाई, कधी बिडी विझे. या माणसाच्या चपलेला खड्याची जागा बरी सापडते, असं मला वाटायचं. आई मागे वळून बघत नसे.

एका हिवाळ्यात भाकरीचं गाठोडं मागायला ती वळली. वडील वाकलेले होते आणि त्यांच्या हातात गोटा होता.

"हे कवापासून हो?" तिने विचारलं.

"पहिल्या खेपेपासून," वडील म्हणाले. "मले वाटते, तो गेला."

आईच्या तोंडाचा पट्टा साऱ्या गावाला माहीत होता. आता काही खरं नाही, असं मी धरून चालले. पण ती हळूच म्हणाली, "मंग इतके दिवस मले एकटीलेच वाट पाहू देली?"

मला रडू आवरेना. भावासाठी मोकळेपणाने रडायची आमच्या घरात तोवर सोयच नव्हती.

आईने ढिगाकडे पाठ केली. "ठेवा," म्हणाली. जरा वेळाने विचारलं, "झालं?"

"हो."

"चला मंग. कचेरी बंद होईन."

पुढे तेच ठरून गेलं. वडील मेलेल्या मुलासाठी गोटा ठेवत, आई पाठ करून थांबे, आणि मग दोघं बरोबरीने घाट चढून त्याच मुलाचा पत्ता विचारायला जात. तेव्हा मला हे वेडेपणाचं वाटायचं. आता वाटत नाही.

वडील वारले त्या वर्षी मी सासरहून आले होते. आई आणि मी, दोघीच निघालो. ढिगापाशी ती सवयीने थांबली आणि तिने पाठ फिरवली. मागे कोणी नव्हतं.

"तुहे बाबा ठेवत होते तो गोटा आज राह्यला," ती म्हणाली. "तू ठेव."

मी ठेवला.

"झालं?"

"हो."

तिने पदराने डोळे पुसले आणि घाटाकडे पाहिलं. "चाल मंग. कचेरी बंद होईन."